चिठ्ठीवरचा आकडा आणि आतली शिवण

अन्याय माझ्या मोठ्या बहिणीवर झाला. नाताळच्या आधीच्या रविवारी, बाराला दहा कमी असताना, एव्हरशाईन सिटीतल्या एका हॉलमध्ये, जुन्या कपड्यांच्या सेलमध्ये. वेळ पक्की सांगते, कारण भांडायच्या आधी मी घड्याळ बघते. सवय आहे.

जानेवारीत तिचं चर्चमध्ये लग्न होतं. नवे चकचकीत गाऊन तिला नको होते. महिनाभर दुकानं पालथी घालून त्या दिवशी, आई आणि मी सोबत असताना, तिला लांब बाह्यांचा, लेसचा एक जुना गाऊन सापडला. स्टॉलवालीने तो तिच्या हातातून काढूनच घेतला आणि वर टाचलेली मापाची चिठ्ठी दाखवली.

"साइज बघा ना, मॅडम. उगाच चेन जाईल."

"घालून तर बघू दे."

"तेव्हाच्या बायका बारीक होत्या, मॅडम."

"तेव्हाची बाई मीच," आई म्हणाली. "बारीक दिसते का?"

मग मी सुरू झाले. बाईच्या अंगाचं माप ठरवणारी तू कोण, घालून बघणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, वगैरे. चांगल्या खड्या आवाजात. लोक वळून बघायला लागले. बहिणीचे कान लाल झाले.

"गप गं! तुझी सभा नको मला. गाऊन पायजे."

स्टॉलवाली तिला एकदाच बोलली होती. मी अख्ख्या हॉलला ऐकवलं.

आईने तोवर गाऊन उलटा केला होता. आमच्या गावी, सांडोरला, तिने वर्षानुवर्षं शिवणकाम केलंय. "ही बघ माया," ती म्हणाली. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड, दोन्ही कुशींना दोन-दोन बोटं. अस्तरालाही तेवढंच. एकीचा गाऊन पुढे धाकटीला, मग चुलत बहिणीला जायचा, म्हणून आमच्याकडचे शिंपी ते कापत नसत.

"उसवलात तर घ्यावाच लागेल हां," स्टॉलवाली म्हणाली.

आतलं कापड विरलेलं निघालं तर गाऊन गेला, आणि दुसरा शोधायला दिवस नव्हते. बहिणीने आईकडे बघितलं. माझ्याकडे नाही.

"उसव."

आईने शिवण उसवली, कच्चा दोरा घातला. मी दोन ओढण्या जोडून आडोसा धरला. चेन कमरेपर्यंत आली आणि बरगड्यांपाशी अडली.

"श्वास सोड," आई म्हणाली. "सगळा."

चेन हलेना. तेवढ्यात स्टॉलवालीच आडोशाच्या आत शिरली. तिने पाठीच्या दोन्ही कडा चिमटीत धरल्या. चेन वर गेली.

इतक्या वर्षांत गाऊन सायीच्या रंगाचा झाला होता. उसवलेल्या जागी मात्र दोन शुभ्र पट्ट्या उघड्या पडल्या. आई म्हणाली, लेस लावून झाकू. बहीण म्हणाली, "राहू दे." लग्नात त्या तशाच होत्या.

तेव्हा तुम्ही जुने कपडे विकत असाल, तर ती चिठ्ठी काढून टाका. शिवण उलटून दाखवा, आरसा द्या, घालून बघू द्या. आणि सोबत गेलेली बहीण असाल, तर तोंड बंद ठेवा. ओढणी नीट धरा.