हातची खोली

लॉजच्या मॅनेजरला त्याच्या बायकोने तीर्थाच्या वाटेवर टाकून दिलं, अशी कुजबुज त्या गल्लीत बरेच दिवस चालली होती. नुसतं टाकलं नाही, तर ती दुसऱ्याच कुणाबरोबर पुढे निघून गेली, असं इस्त्रीवाल्याचं म्हणणं. इस्त्रीवाल्याच्या बायकोचं म्हणणं याच्याही पुढचं होतं. तिच्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे लोक आधी तिच्याकडेच जायचे. आणि पुरावा काय कमी होता? नवरा-बायको जोडीने निघाले, हे अख्ख्या गल्लीने पाहिलेलं. परत आला तो एकटा नवरा, भर दुपारी, दाढीचे खुंट वाढलेले. "काकू कुठायत?" असं विचारलं तर "येतील" एवढंच पुटपुटला आणि दार लावून घेतलं. मग बऱ्याच दिवसांनी काकू उगवल्या, त्या एका अनोळखी गृहस्थाच्या गाडीतून, उन्हाने रापलेल्या, खिडकीतून हात हलवत, हसत. एवढ्या सामग्रीवर कुठल्याही गल्लीने वर्ष सहज काढलं असतं.

त्या मॅनेजरला गल्लीत फुल्लसाहेब म्हणत. तोंडावर नाही, अर्थात. बसस्टँडसमोरच्या तीन मजली लॉजच्या काउंटरमागे ते केस काळे असल्यापासून बसत आले होते, आणि तिथून सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द म्हणजे "फुल्ल". मान वर न करता म्हणायचे. आधी गिऱ्हाइकाचे बूट बघायचे, मग बॅग, आणि या दोन्हींबद्दल समाधान झालं तरच चेहरा. पाठीमागे फळीवर खुंट्या, खुंट्यांवर किल्ल्या, आणि त्यातली एक किल्ली कायम गल्ल्याच्या खणात. ती दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीची. गॅलरी, दोन्ही बाजूंनी वारा, आणि गिझर चालू असलेली लॉजमधली एकमेव बाथरूम. तिला ते हातची खोली म्हणायचे. बेरजेत हातचा एक धरतात ना, तशी. मालकाचा मेहुणा अचानक आला तर असावी म्हणून ठेवलेली. मेहुणा काही आला नाही. पण संध्याकाळ झाली की ती खोली कुणाला द्यायची हे फुल्लसाहेब ठरवायचे, आणि ती वेळ म्हणजे त्यांचं राज्य होतं.

गयावया करणाऱ्याला त्यांनी ती कधी दिली नाही. आवाज चढवणाऱ्याला तर नाहीच. जो "फुल्ल" ऐकून न बोलता समोरच्या सोफ्यावर बसायचा आणि बसूनच राहायचा, त्याला द्यायचे. यावरून त्यांनी एक सिद्धान्त काढला होता. जगातल्या प्रत्येक लॉजात एक खोली हातची असते. ती मागायची नसते. बसायचं असतं.

या लॉजपायी घरात मात्र कुठलीच गोष्ट शेवटाला गेली नाही. काकू घरी कपडे अल्टर करून द्यायच्या, पँटी आखूड करायच्या, झिपा बदलायच्या. वर्षातून एखादा सिनेमा ठरायचा, मध्यंतराला लॉजवरून फोन यायचा की पाण्याचा पंप बंद पडलाय, आणि साहेब उठायचे. नायिकेचं पुढे काय झालं हे काकूंना शेजारणींकडून कळायचं. सख्ख्या भाचीच्या लग्नातून त्या जेवणाआधी उठल्या होत्या. तीर्थाची पदयात्रा त्यांना लग्न झाल्यापासून करायची होती, पण यात्रेचे दिवस म्हणजे लॉजचा भर सीझन. त्यामुळे साहेब निवृत्त झाले त्याच आठवड्यात काकूंनी चालायचे बूट आणले आणि सांगून टाकलं, "मी घरापासून तिथपर्यंत चालत जाणार. गाडीत पाय ठेवणार नाही, एका वळणापुरताही नाही. ही एक गोष्ट मला शेवटपर्यंत करायचीय."

भाची म्हणाली, "मावशी, मी सगळीकडचं बुकिंग करून देते. वाटेवरच्या धर्मशाळांचे नंबर आहेत माझ्याकडे. हल्ली फार गर्दी असते."

झालं. साहेबांच्या नाकाला मिरची झोंबली. आयुष्यभर लोकांना खोल्या देणाऱ्या माणसाने फोन करून खोली मागायची? भाचीला त्यांनी हातच्या खोलीचा सिद्धान्त पहिल्यापासून ऐकवला. ती चहा न घेताच गेली.

पहिल्या मुक्कामाला नेमकं कुणीतरी आयत्या वेळी यायचं रद्द केलं होतं, आणि साहेबांना खोली मिळाली. तेच वाईट झालं. रात्रभर त्यांनी काकूंना "काय म्हणालो होतो?" हे इतक्या वेळा ऐकवलं, की पलीकडच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर थापा मारल्या.

दुसऱ्या गावात धर्मशाळेच्या दारात टेबल टाकून एक मुलगी मोबाइल घेऊन बसली होती. बुकिंग आहे का, म्हणाली. नाही म्हटल्यावर मान वर न करता म्हणाली, "फुल्ल." साहेबांना राग येण्याऐवजी कौतुकच वाटलं, कारण पद्धत बरोबर होती. त्यांनी काकूंना खुणावलं, आणि दोघं समोरच्या बाकावर बसले. बसले ते बसलेच. मुलीने त्यांच्या पायांभोवतीने केर काढला. मग लादी पुसली, तेव्हा त्यांनी पाय वर घेतले. मग तिने टेबल आत नेलं, खुर्ची आत नेली, "काका, बाक पण आत घ्यायचाय" म्हणाली, बाक नेला आणि आतून कडी लावली. तिच्याकडे हातची खोली नव्हती. असती तरी तिला हा सिद्धान्त कुणी शिकवला नव्हता. ती रात्र शाळेच्या व्हरांड्यात गेली. त्या रात्रीबद्दल काकू आजही बोलत नाहीत.

तिसऱ्या ठिकाणी एका बाईने राहत्या घराच्या खोल्या यात्रेकरूंना द्यायला काढल्या होत्या. दारामागे छोटी फळी, फळीवर किल्ल्या. जागा नाही असं ती म्हणते न म्हणते तोच साहेबांचे डोळे फळीवर गेले आणि चमकले.

"पाच नंबरची किल्ली खुंटीवर आहे," ते म्हणाले. चोर पकडल्यासारखं.

"पाच नंबरमध्ये माझी सासू आहे," घरमालकीण म्हणाली. "ती कुठे जात नाही, म्हणून किल्ली खुंटीवर आहे. तुम्हाला हवीय का?"

किल्ली हवीय का म्हणाली की सासू, ते कळायच्या आत दार बंद झालं. काकूंना हसू आलं होतं, पण ते टाचेपर्यंत जाऊन विरलं, कारण टाचेला फोड आला होता आणि पुढचं गाव टेकडीपलीकडे होतं.

टेकडीपलीकडच्या गावात जागा नव्हती. त्याच्या पुढच्या वस्तीत एकाने कडबा ठेवायची शेड दिली, वर पत्रा आणि खाली उंदीर. काकू आता बोलेनाशा झाल्या होत्या. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला बायकोच्या बोलण्यापेक्षा तिच्या गप्प बसण्याची धडकी जास्त भरते. साहेबांनाही भरली, पण कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. काकूंनी एकदाच म्हटलं, भाचीला फोन करूया. साहेब म्हणाले, बॅटरी उतरलीय. काकूंनी त्यांच्या खिशातून फोन काढला, चालू करून त्यांना दाखवला आणि परत खिशात ठेवला. साहेब पुढचा सगळा रस्ता दहा पावलं मागून चालले.

त्यात वाट भरलेली. पाठीवर हलक्या पिशव्या, डोक्याला रुमाल, आणि प्रत्येकाच्या चालीत एक निवांतपणा, कारण संध्याकाळी कुठे टेकायचं हे प्रत्येकाला माहीत. सगळे यांना ओलांडून जायचे आणि जाताना "सावकाश या हं काका" म्हणायचे. साहेबांना वाटायचं, यातल्या एकेकाने कधीतरी आपल्या काउंटरवर यायला पाहिजे होतं.

शेवटी एका जुन्या गिरणीच्या इमारतीपाशी ते पोचले. गिरणी कधीच बंद पडलेली, आता तिथे यात्रेकरू राहायचे. खाली पुरुषांचा हॉल, वर बायकांचा. व्यवस्था पाहायला एक उंच, जाड भिंगांची बाई, हातात ओल्या चादरींची बादली. काकूंची टाच आता बुटात मावत नव्हती. उन्हं उतरत होती, आणि पुढचं गाव नदीपलीकडे. इथे जागा मिळाली नाही तर काकूंना गाडी करावी लागणार, आणि गाडी केली की त्यांच्यापुरती यात्रा संपली, हे दोघांनाही माहीत होतं. कुणी बोलून दाखवत नव्हतं.

साहेबांनी ठेवणीतलं काढलं. काकूंना सांगितलं, पायरीवर बस, बूट काढ, मोजा काढ, पाय दिसेल असा ठेव, आणि काही मागू नकोस. स्वतः शेजारी उभे राहिले, टोपी हातात. चादरींची बाई आली, बादली घेऊन पुढे गेली, परत आली. पायाकडे पाहिलं. पुन्हा पुढे गेली. पुन्हा आली, आणि बादली खाली ठेवली. बादली खाली ठेवणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

"एक खाट असते माझ्याकडे," बाई म्हणाली. "कुणी आजारी पडलं तर असावी म्हणून बाजूला ठेवते. कुणाला सांगत नाही."

साहेबांनी विजयी नजरेने काकूंकडे पाहिलं.

"वरच्या हॉलमध्ये आहे. बायकांच्या," बाई पुढे म्हणाली. "या, मावशी."

साहेबांनी खालच्या हॉलबद्दल विचारलं. बाईने दार ढकलून दाखवलं. जमिनीवर माणसाला माणूस लागून पडलेला, मध्ये चप्पल ठेवायला जागा नाही. इथे हातचं काही नाही, हे मॅनेजरच्या नजरेला पाहताक्षणी कळलं.

तेवढ्यात दुधाची गाडी आली. शहराकडे जाणारी. तिचा ड्रायव्हर भला माणूस. तो म्हणाला, पुढे दोन माणसं बसतील, शहरात लॉज आहेत, गरम पाणी आहे, आणि पहाटे मी याच वाटेने दूध घ्यायला येतो. साहेबांना हुरूप आला. त्यांनी काकूंना समजावलं, की पहाटे इथेच, याच पायरीवर उतरू, एक पाऊलही चुकणार नाही, देवाला काय कळतंय. बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. काकूंनी पायाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. गरम पाण्याचं नाव ऐकून त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, हे साहेबांनी स्वतः पाहिलं.

"मी वर जाते," काकू म्हणाल्या.

"आणि मी?"

"तुम्ही बसा कुठेतरी. बसलं की मिळते म्हणता ना."

आणि एका हातात बूट, दुसऱ्या हाताने कठडा धरून त्या जिना चढल्या. एकदाही वळून पाहिलं नाही. चादरींच्या बाईने मात्र पाहिलं. ती न पाहती तर बरं झालं असतं.

साहेब दुधाच्या गाडीत बसले. शहरातल्या पहिल्याच लॉजच्या काउंटरवर एक टकला माणूस होता. त्याने मान वर न करता साहेबांचे बूट पाहिले आणि "फुल्ल" म्हणाला. साहेब न बोलता समोरच्या सोफ्यावर बसले. थोड्या वेळाने टकल्याने खण उघडून किल्ली काढली. गॅलरीची खोली, दोन्ही बाजूंनी वारा, गिझर चालू. आयुष्यभर ज्यावर श्रद्धा ठेवली ते अक्षरशः खरं निघालं, आणि "काय म्हणालो होतो?" असं म्हणायला खोलीत कुणी नव्हतं. साहेबांनी गरम पाण्याने आंघोळही केली नाही.

पहाटे ड्रायव्हरला दुसरीकडूनच जावं लागलं, आणि साहेब गिरणीपाशी पोचेपर्यंत उन्हं वर आली होती. चादरी वाळत होत्या. मावशी उजाडताच गेल्या, बाई म्हणाली, वरच्या हॉलमधल्या बायकांबरोबर. टाचेला पट्टी बांधलीय, बूट मागून कापून दिलाय, आता चालतील.

साहेबांनी फोन लावला. काकूंनी लगेच उचलला. मागे चार-पाच बायका कशावर तरी खळखळून हसत होत्या.

"अगं, थांब तिथेच, मी येतो," साहेब म्हणाले.

"येऊ नका," काकू म्हणाल्या. आवाज शांत होता, रागावलेला नव्हता. "यांच्यातली एक अर्ध्यातून परत गेलीय, तिच्या जागेवर मी आहे. पुढचं सगळं बुकिंग झालेलं आहे. बायकांच्या खोल्या आहेत. तुम्हाला पुन्हा दारोदार बसावं लागेल, आणि मला बघवणार नाही. घरी जा. डब्यात पीठ आहे."

साहेब गिरणीच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. या वेळी मनात काही सिद्धान्त नव्हता. मग गावाच्या फाट्यावर जाऊन उभे राहिले.

काकू तीर्थापर्यंत चालत पोचल्या, आणि येताना त्यांच्यातल्या एकीच्या भावाने त्यांना गाडीतून गल्लीत आणून सोडलं. कुजबुज साहेबांच्या कानावर केव्हाच आली होती. ती त्यांनी खोडली नाही. बायकोने टाकलेल्या नवऱ्याबद्दल लोक निदान हळहळतात. खोली न मिळालेल्या लॉज मॅनेजरला मात्र बसस्टँडपर्यंत हसले असते. काकूंनीही खोडली नाही. त्यांना तिची गंमत वाटत होती.

खरी गोष्ट एवढीच. खाट एक होती, ती काकूंनी घेतली. साहेब बसने घरी आले.