नऊ दिवस हात माझ्याकडं होता

मी चौथीपर्यंत शिकलो, पुढची उमर मेंढरांमागं गेली. आटपाडीकडच्या माळावर मेंढराचा पाय मोडला तर डॉक्टर कुठला येतोय. बांबूच्या चार कामट्या तासायच्या, खाली लोकर लावायची, वर चिंधी घट्ट बांधायची. महिन्याभरात जनावर कळपात चालायला लागतं. असे लय पाय मी बांधले आणि त्यातला एकही वाकडा राहिला नाही. ह्याच घमेंडीनं माझ्या लेकाचा हात वाकडा केला.

लेक नगरपालिकेच्या आगीच्या बंबावर आहे. गाव सांगत नाही, उगाच त्याला त्रास नको. गेल्या उन्हाळ्यात एका वस्तीवर कडब्याच्या गंजी पेटल्या. दुपारची वेळ, वारा सुटलेला. बंबाच्या टपावर उभा राहून पाणी मारताना पाइपानं झटका दिला आणि हा खाली उजव्या मनगटावर आपटला. तशाच हातानं आग विझेपर्यंत राबला आणि ड्युटी संपल्यावर घरी आला. मनगट सुजून वांग्यासारखं झालेलं.

बायको म्हणाली, सरकारी दवाखान्यात न्या. मी म्हणालो, तिथं दिवसभर रांगेत उभं करून शेवटी पट्टीच बांधतात, ती मलाबी येते. तर म्हणाली,

"आवं, त्यो काय मेंढरू हाय?"

मी ऐकलं नाही, कामट्या तासायला बसलो. तोंड फिरवून का होईना, तिनं आपल्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून दिल्या. लेक तिशीचा बाप्या, पण लहान पोरासारखा त्यानं हात पुढं केला.

नऊ दिवसांनी बोटं बधिर पडली तेव्हा दवाखाना गाठला. फोटो काढला. हाड मोडलं होतं आणि तिरकं धरायला लागलं होतं. प्लॅस्टर घातलं, दोन महिने घरी बसायला सांगितलं.

आता नियम असा आहे की बंबावरच्या माणसाला कामावर लागलं तर त्याची पगारी रजा वेगळी मिळते, त्याच्या साठलेल्या रजेला हात लागत नाही. लेकानं अर्ज केला. रजेचं टेबल सांभाळणाऱ्या कारकुनानं दवाखान्याचा कागद बघितला. आग एका तारखेची, कागद नऊ दिवसांनंतरचा. मधे काय झालं कुणाला ठाऊक म्हणाला, गाडीवरनं घसरला असशील. बापानं हात बांधला होता हे लेकानं सांगितलं नाही. लाजला असेल, नाहीतर मला झाकलं असेल. मग सगळे दिवस त्याच्या साठलेल्या रजेतनं कापले आणि रजा संपली.

थंडीत बायको आजारी पडली. सांगलीच्या दवाखान्यात सतरा दिवस होती. लेक ड्युटी संपली की एस्टी धरून यायचा, तासभर उशाशी बसायचा आणि परत पळायचा. बंबावर माणसं कमी, ह्याची रजा शिल्लक नाही. बिनपगारी मागितली, तो अर्ज वर गेला तो खाली आलाच नाही. ती गेली तेव्हा तो कामावर होता. ड्युटीच्या कपड्यांतच आला, पायात बूट तसेच.

तेरावं झालं आणि मी नगरपालिकेत गेलो. रडायला नाही गेलो. लेकाची मूठ आवळत नव्हती. डॉक्टर म्हणत होता, ऑपरेशन करा, नाहीतर ह्या हातात पाइप राहणार नाही. आणि ऑपरेशन म्हणजे परत दोन महिने घरी. रजा कुठनं आणायची? त्या हातापायी त्याला बंबावरनं काढून कुठल्यातरी बाकड्यावर बसवलं असतं, आणि बाकड्यावर बसून तो वाळला असता.

पहिल्या हेलपाट्याला साहेब नव्हता. दुसऱ्याला शिक्का सापडेना. तिसऱ्याला कळलं की फाइल ज्याच्या टेबलावर आहे तो स्वतःच रजेवर आहे. त्याची बरी मंजूर झाली. चौथ्याला कारकून म्हणाला, मामा, तो आगीवरच पडला ह्याला पुरावा काय? मी विचारलं, बंब कुठं गेला, काय झालं, हे कुठं लिहीत नाहीत का? लिहितात की, म्हणाला, वर्दीच्या वहीत.

"मग ती बघितली का?"

"ती तिकडं असते, बंबाकडं."

तिकडं म्हणजे त्याच आवारात, चिंचेच्या पलीकडं. त्याच्या खिडकीतनं बंब दिसत होता.

मी उठून गेलो. बंबाच्या जुन्या ड्रायव्हरनं वही काढून पान लावलं. त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, फायरमन टपावरून पडला, उजव्या हाताला मार. मी म्हणालो, एवढे महिने तोंड का शिवलं होतंस? तो म्हणाला, "मला कुणी इचारलंच न्हाई, दादा." वही काखेत मारून निघालो तर म्हणतो, वही एकटी बाहेर नेता येत नाही. मग त्याच्याच दंडाला धरलं आणि वहीसकट आणला.

कारकुनानं वाचलं. हे ठीक आहे म्हणाला, पण मधले नऊ दिवस?

"लिवा. हात बापाकडं हुता. बापानं कामट्या बांधल्या. बापाला अक्कल न्हाई."

असं नको लिहायला मामा, घरी विश्रांती घेत होता असं लिहू, म्हणाला. तसा वाईट माणूस नव्हता. मी म्हणालो, खरं लिहायचं ते माझी बायको होती तवाच लिहायला पाहिजे होतं, आता त्यात आणि खोटं नको. कागद ओढला आणि मीच लिहिलं. लय वेळ लागला. साहेबानं वाचलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि सही केली.

महिन्यानं हुकूम आला. दवाखान्याच्या कागदापासनंची रजा कामावरच्या दुखापतीची धरली, ते दिवस लेकाला परत मिळाले. नऊ दिवस मात्र त्याच्याच रजेतनं गेले. लेक म्हणाला, परत अर्ज करू. मी म्हणालो, राहू दे. त्या नऊ दिवसांत ऑफिसची चूक नाही. बाकी सगळ्यात आहे.

ऑपरेशन सांगलीतच झालं. सोबत मी. तिसऱ्या दिवशी दुपारी तो नुसता पडून होता, कुठं जायची घाई नाही. छताकडं बघत म्हणाला,

"आबा, आई शेवटाला काय बोलली?"

इतके दिवस विचारलं नव्हतं. विचारणार कवा, एस्टी धरता धरता? मी सांगितलं, तुझं मनगट ठणकतंय का विचारत होती. मला म्हणाली, पोराच्या हाताला आता तुमी हात लावू नका. दूधभाताचे दोन घास खाल्ले, तेही मला बोल लावत. मग सतरा दिवसांतलं एकेक पहिल्यापासनं सांगायला बसलो. नर्स आली, भेटायची वेळ संपली म्हणाली. मी म्हणालो, बाई, थांबा जरा, तो रजेवर हाय.