हक्कसोडाची सही

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून आमच्या ह्यांनी पुण्याची चार दिवसांची सहल ठरवली. आम्ही नागपुरात राहतो. निवृत्त झाल्यापासून ह्यांच्या डोक्यात एकच खूळ, निवांत फिरायचं. कुणाचं लग्न नाही, कुणाचं बारसं नाही, नुसतं शहरात भटकायचं, चांगलंचुंगलं खायचं आणि एक दिवस मुळशीकडे वायनरी बघायची. मी लगेच हो म्हणाले, पण ते वायनरीसाठी नव्हे. पौडच्या पुढे आतल्या बाजूला माझं माहेर. आई गेल्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून त्या घरात माझं पाऊल पडलं नव्हतं. मला तिथे एकदा राहायचं होतं, एक दिवस, एक रात्र. बाकी काही नको होतं.

पण भाऊ बोलवत नव्हता. माझ्याहून चार वर्षांनी धाकटा, मला आक्का म्हणतो. दोन वर्षं फोनवर त्याचं एकच पालुपद, घर दुरुस्तीला काढलंय, झालं की बोलवतो. अरे, ताजमहाल बांधतोयस का, असं मी एकदा विचारलंसुद्धा. मग मी सगळं खापर भावजयीच्या डोक्यावर फोडून टाकलं. तिलाच नणंद नको झालीये, दुसरं काय. आणि न बोलावता जायचं नाही, हे आमच्याकडे लेकीच्या हाडीमाशी मुरलेलं असतं.

या न बोलावण्याचा मला जास्तच राग यायचा, कारण त्या घरासाठी मी माझा हक्क सोडला होता. वडील गेले त्या वर्षी पौडला जाऊन मी हक्कसोडपत्रावर सही केली. वडिलांच्या जमिनीत आणि घरात माझा वाटा होता, तो भावाच्या नावे सोडून दिला. कुणी जबरदस्ती केली नाही. आमच्या भागात बहिणी सही देतातच. वाटा मागितला की माहेर तुटतं, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. माझ्या चुलतबहिणीनं मागितला, तर तिच्या भावानं तिचं नावच टाकलं. ह्यांनी तेव्हा एकदाच विचारलं होतं, नीट विचार केलायस ना? मी फाडकन म्हणाले, तुम्हाला सासऱ्याच्या जमिनीवर डोळा आहे का? बिचारे पुन्हा त्या विषयात पडले नाहीत. सही झाल्यावर भावानं मला हिरवं लुगडं घेतलं, आईनं पुरणपोळी केली, आणि सगळ्या बाया म्हणाल्या, लेक असावी तर अशी. मी हवेत. जमीन गेली तर गेली, दार तर उघडं राहिलं, असं मी कितीतरी वर्षं सगळ्यांना ऐकवत होते.

पुण्यातले पहिले दोन दिवस हे एखाद्या पोरासारखे खुशीत होते. मिसळीसाठी तासभर रांगेत उभे राहिले. कॅम्पात पायांचे तुकडे पडेपर्यंत मला चालवलं. एका जुन्या हॉटेलात बनमस्का खाताना म्हणाले, अगं, हसतेस का नाहीस? हसत होते की. तुळशीबागेत भावजयीसाठी खणाचं कापड घेतलं तेव्हा तर ह्यांना वाटलं, स्वारी खुलली. खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष फोनकडे होतं. दोन दिवसांत भावाला पाच वेळा फोन केला, त्यातला एक त्यानं उचलला. मी कामासाठी बाहेर हाय, या खेपेला जमायचं न्हाई, एवढं बोलून ठेवून दिला. हॉटेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून मी रडले. पन्नाशी उलटलेली बाई, आणि माहेरी बोलवलं नाही म्हणून रडतेय. लाज वाटली, पण रडू काही थांबेना.

तिसऱ्या दिवशी गाडी केली. चांदणी चौक, भुकूम, पिरंगुटची गर्दी. ह्यांनी वायनरी मोबाइलवर शोधलेली, नाव इंग्रजी. म्हणाले, मुद्दाम तुझ्या गावाकडची निवडलीये, जेवण झालं की भावाकडे डोकावू, तो असो नसो, घर तर बघशील. मला इतकं बरं वाटलं त्या माणसाचं. मग गाडीनं पौडच्या पुढचं वळण घेतलं, त्याच्या पुढचंही घेतलं, आणि मी काचेला चिकटून बाहेर बघायला लागले. ती आमचीच वाट होती. मी स्वतःला समजावलं, वाट काय, सगळ्या गावाची असते.

वायनरीत द्राक्षाच्या वेलींच्या चार रांगा होत्या, फोटोपुरत्या. मुळशीच्या पावसात द्राक्षं कुठली टिकायला? वाइन नाशिककडून येते, हे तिथल्या मुलीनं हळूच कबूल केलं. तिनं आम्हाला ग्लास गोल फिरवायला शिकवलं, वास घ्यायला लावला. यात पेरूचा वास येतोय का बघा, म्हणाली. ह्यांना लगेच आला. मला खोकल्याच्या औषधाचा आला, तसं मी सांगून टाकलं, आणि ती मुलगी मनापासून हसली. तेवढ्यात तिच्या खांद्यावरून माझी नजर पलीकडे गेली. हिरवळीच्या मधोमध एक विहीर होती. भोवती स्टीलचा कठडा, त्यावर दिव्यांच्या माळा. पण आतून वर आलेलं उंबराचं झाड तेच होतं, एका अंगाला कललेलं. त्या विहिरीवर मी दहा वर्षं पाणी भरलंय.

ही आमची विहीर आहे, असं मी ह्यांना म्हणाले. मग उठून चालायला लागले. विहिरीच्या वरच्या अंगाला, वीसएक पावलांवर, आमचं घर होतं. तिथे आता काळ्या दगडाच्या भिंती होत्या आणि आत हात धुवायची बेसिनं. आम्ही आल्याआल्या तिथेच हात धुतले होते. मी ओळखलं नव्हतं. माझ्या आईनं जिथे प्राण सोडला तिथे मी साबण लावून हात धुतले आणि आरशात बघून केस सारखे केले. कपाळ माझं.

हे मागून धावत आले. त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी माझा दंड घट्ट धरला. तशात समोरून एक बैलगाडी आली. पाहुण्यांना शेतातून फेरी मारायची म्हणून ठेवलेली, शिंगांना गोंडे, मागे दोन मुली फोटो काढत बसलेल्या. हाकणाऱ्याला गुलाबी फेटा घातला होता. तो माझा भाऊ होता.

त्यानं मला पाहिलं. गाडी थांबवली नाही, मुलींना उतरवून मगच सावलीला आणली. आधी ह्यांना वाकून नमस्कार केला, मग मला विचारलं, जेवलीस का. मी अंगावरच गेले त्याच्या. दुरुस्ती चाललीये म्हणालास ना रे? दोन वर्षं कसली दुरुस्ती करत होतास? त्यानं फेटा काढून हातात घेतला. मग जे सांगितलं ते सगळं खाली मान घालून. चारी बाजूंच्यांनी विकलं, तारेची कुंपणं आली, मधे एकट्याला येण्याजाण्याची वाट उरेना, तेव्हा शेत आणि घर एकदमच दिलं. आता पिरंगुटला एका खोलीत राहतात. भावजय तिथल्या कारखान्यात खोकी भरायला जाते. जिला मी दोन वर्षं शिव्या घातल्या ती. फिरवायला ही गाडी त्याला मिळाली ती मूळ मालक म्हणून. पाहुण्यांना ते ऐकायला आवडतं म्हणे.

"घरच न्हाई तर ये कुटं म्हणू तुला, आक्का?" तो म्हणाला.

माझा राग विरघळायला हवा होता, पण उलट चढला. मी म्हटलं, विकण्याआधी मला एका शब्दानं विचारायचं होतंस. तेव्हा त्यानं पहिल्यांदा मान वर केली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला अजून सहन होत नाही.

"तुला काय इचारायचं? तू सही देऊन बसलीवतीस. घेणाऱ्यानं पयलं तेच इचारलं, बहिणीची सही हाय का? नसती तर त्यो माघारी गेला असता. तू न्हाई म्हणायचं व्हतंस, आक्का. मी लई रागावलो असतो तुझ्यावर. पर घर ऱ्हायलं असतं."

इतकी वर्षं मिरवलेला चांगुलपणा तोंडात मातीसारखा झाला. पर्समधलं खणाचं कापड काढून मी त्याच्या हातात दिलं. त्यानं ते बैठकीखाली ठेवलं. तिकडून वायनरीच्या साहेबानं हाक मारली, पाच पाहुणे फेरीसाठी उभे होते. त्यानं फेटा पुन्हा डोक्यावर चढवला आणि गेला. आता नागपूरला ये, असं मी मागून म्हणाले. येतो की, असं तो न वळता म्हणाला. येणार नाही हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

परतीच्या वाटेवर ह्यांनी माझा हात सोडला नाही. उद्याचं सगळं रद्द करू का, एवढंच विचारलं. मी मानेनंच हो म्हटलं. माझ्या डोक्यात चुलतबहीण होती, जिनं वाटा मागितला आणि जिला आम्ही सगळ्यांनी नावं ठेवली. तिचा भाऊ तिच्याशी बोलत नाही. दिवाळीला ती अजून जाते, तो तिला आत घेत नाही, ती ओट्यावर बसून रडते, त्याला शिव्या देते आणि परत येते. माझ्या तोंडावर बंद करायलाही दार उरलं नाही. भांडायचं म्हटलं तरी मी आता कुठे जाऊन उभी राहू?