बेंजो नासतो का?

कोपरीच्या गोपीनाथ भोईरांनी तीस वर्षं लग्नाच्या हळदीत बेंजो वाजवला. त्यांच्या वडिलांनी मिठागरावरच्या मजुरीतून घेतलेलं ते वाद्य. गोपीनाथांनी त्याची बटणं एकेक करून स्वतः घासून बसवलेली. बेंजो पार्टीचा टेम्पोही त्यांच्याच नावावर होता.

दोन वर्षांपूर्वी शीळफाट्यावर पोलिसांनी तो टेम्पो अडवला. डोंबिवलीची हळद आटोपून वादक मंडळी रिक्षाने घरी गेली होती. सामान आणणाऱ्या ड्रायव्हरने, दौलतने, वाटेत स्पीकरच्या मागे चोरट्या दारूचे खोके भरले होते. मालकाला यातलं काही माहीत नाही, असं त्याने तिथेच सांगितलं. तरी टेम्पो, ढोल, स्पीकर, बेंजो, सगळं जप्त झालं. आरोपी म्हणून गोपीनाथांचंही नाव लागलं.

वस्तू परत मिळाव्यात म्हणून त्यांनी कोर्टात अर्ज केला. सात महिने नुसत्या तारखा पडल्या. मग एका ओळखीच्या हवालदाराने सांगितलं, येत्या बुधवारी तुमच्या सामानाचा लिलाव आहे.

गोपीनाथ वकिलाला घेऊन धावले. आदेश आधीच झालेला होता. माल उघड्यावर पडून खराब होतोय, तो विकून रक्कम कोर्टात जमा ठेवावी, असं त्यात होतं. नोटीस त्यांच्या जुन्या चाळीच्या पत्त्यावर गेलेली. चाळ पाडून तिथे टॉवरचा पाया खोदला होता, म्हणून ती ‘इसम आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आली. त्यांचा नवा पत्ता मात्र त्यांच्याच अर्जावर होता, त्याच फायलीत. कोणी पान उलटलं नव्हतं. लिलाव थांबवण्याच्या अर्जाला तारीख मिळाली ती लिलावानंतरची.

बुधवारी ते पत्नीला, बायजाबाईंना, घेऊन पोलीस ठाण्याच्या आवारात गेले. पावसाळाभर भिजलेले ढोल फुगले होते. बेंजो पेटीत होता म्हणून शाबूत. तो तेवढा वेगळा काढा, अशी त्यांनी विनवणी केली. लिलावाचा कारकून म्हणाला, सगळा एकच लॉट आहे, हवा तर तुम्हीही बोली लावा.

गोपीनाथांचा आवाज चढला. "माजी वस्तू मीच इकत घ्यायची? बेंजो काय मासली हाय, नासायला? नासवलात तुमी, उघड्यावर टाकून."

बायजाबाईंनी तरीही बोली लावली. नवऱ्याकडे न बघता, जवळ होते तेवढ्या पैशांपर्यंत त्या बोली वाढवत राहिल्या. एका भंगारवाल्याने त्यांच्यावर चढवली आणि सगळं टेम्पोसकट नेलं. दुसऱ्या दिवशी दोघं त्याच्या गोदामात पोहोचली, तोवर बेंजो पुढे कुणाला तरी विकला गेला होता.

यंदा गोपीनाथ निर्दोष सुटले. लिलावाची रक्कम त्यांना द्यावी, असं निकालात होतं. त्या रकमेत जुना टेम्पोसुद्धा येत नव्हता. कोर्टात पैसे घ्यायला गेल्यावर त्यांच्यापुढे छापील पावती आली: ‘माझी कोणतीही तक्रार नाही.’

त्यांनी ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, ‘तक्रार आहे. माझा गुन्हा नव्हता, तरी शिक्षा झाली.’ मग सही केली.

अशी पावती चालत नाही, असं तिथल्या कारकुनाने सांगितलं. गोपीनाथ उठले नाहीत. दुसरी सही करणार नाही, म्हणाले. पैसे अजून कोर्टातच आहेत. वकिलाने त्या पावतीवरूनच नुकसानभरपाईसाठी नवा अर्ज टाकलाय. हळदीची सुपारी आली तर गोपीनाथ अंबरनाथच्या मेव्हण्याचा बेंजो मागून आणतात आणि वाजवतात.