गिरणीच्या सांध्यातल्या अक्षता

गेणू धनगराला अडाणी म्हणणाऱ्यांशी मी भर बाजारात भांडलो आहे. सही येत नव्हती म्हणून माणूस अडाणी? शंभर मेंढरांत कुठलं खोकलं ते हा गडी पाठ फिरवून सांगायचा. वेल्ह्याच्या डोंगरातला. एकदा भोरला आनंदरावांच्या गिरणीत भात घेऊन आला, तेलाचं इंजिन ऐकलं आणि म्हणाला, "ह्याला दमा हाय." चौथ्या दिवशी इंजिन बसलं. आनंदरावांनी त्याला तेल घालायच्या कामावर ठेवून घेतलं.

मेंढरं हाकायची काठी बेरिंगवर टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. मग निदान. "ही लंगडतीया." "हिला तहान लागलीया." गिऱ्हाइकं हसायची, पण तेल पडलं की आवाज निवायचा.

अडतीस साली दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी गिरणी पुन्हा सुरू झाली. दारात भाताच्या पाट्या घेऊन बायकांची रांग. पुण्याहून सावळाराम फिटर तपासणीला आलेला. गेणूनं काठी लावली आणि ओरडला, "मालक, थांबवा! कडंच्या बेरिंगीच्या नरड्यात कायतरी अडाकलंय."

सावळारामानं हात लावून पाहिला. "थंडगार आहे. अरे बाबा, हे यंत्र आहे, बकरं नव्हे."

"तापल्यावर कळंल ते तुमास्नी. मला आत्ताच ऐकू येतंय. घ्या, ऐका."

फिटरनं काठी कानाला लावली आणि ऐटीत म्हणाला, "नुसती टिकटिक आहे."

"ते तुमच्या खिशातलं घड्याळ. काठी बेरिंगीवर ठेवा की, कोटावर काय ठेवताय!"

रांग फिसकन हसली. आनंदराव भडकले. गेणूवर भडकणं सोपं पडतं ना! "गेण्या, गिरणी थांबवतो. पण उघडून काही निघालं नाही, तर उद्यापासून तू आणि तुझी मेंढरं."

मेंढरं कसली? कामावर लागला तेव्हाच सगळी भावाला देऊन बसला होता. तरी गडी म्हणाला, "उघडा."

पट्टा उतरवला, बेरिंग खोललं. आत तेलात भिजलेले पिवळे तांदळाचे दाणे, आणि दांड्यावर बारीक ओरखडा. सावळाराम हळूच म्हणाला, "दिवस मावळेतो जळालं असतं."

"हे कुणी घातलं?" आनंदराव गरजले.

रांगेतून फुलाबाई म्हणाली, "तुमीच की! खंडेनवमीच्या पूजेला झाकण उघडून अक्षता टाकल्या. म्या परसादाला हितंच हुबी व्हते."

"ते... देवाच्या मुखात घातल्या."

"मुख न्हवं मालक, सांधा हाय त्यो," गेणू म्हणाला. "तुमच्या गुडघ्यात मूठभर तांदूळ घातलं तर चालाल काय?"

आनंदराव मालकपण गोळा करून म्हणाले, "राहा कामावर. पण देवाला वाहिलेलं उकरून काढलंस, माफी माग."

गेणूनं घासलेटनं बेरिंग धुतलं, तेल घातलं, पट्टा चढवला. मग हात जोडून मोठ्यांदा म्हणाला, "देवा, मला माफ कर, आन् मालकास्नी पुढच्या नवमीपातुर अक्कल दे."

तेवढ्यात सावळारामानं इंजिन सुरू केलं. त्या धडधडाटात काही ऐकू आलं नाही असं दाखवायची आनंदरावांची सोय झाली, आणि त्यांनी पहिली पाटी स्वतः उचलून आत घेतली.