मास्तरांचे दहा आठवडे

“आमचे मास्तर ना? आठ दिवसांत उभं करतील कुणालाही!”

हे वाक्य माझं आहे. नऊ वर्षांपूर्वी, बसवनगुडीतल्या माझ्याच दिवाणखान्यात, हातात पोह्यांची बशी घेऊन मी ते बोलले. तेव्हा मी जेमतेम बासष्ट वर्षांची होते. अक्कल यायचं वय अजून व्हायचं होतं. आता ती आली आहे असं मला वाटतं. घरात इतर कुणाला वाटत नाही.

मास्तर नाच शिकवत. धारवाडकडचे, त्यामुळे मराठी आणि कन्नड एकाच घासात बोलायचे. वीस वर्षं सिनेमात नायकाच्या मागे तिसऱ्या रांगेत नाचले. पुढे टीव्हीवरच्या नृत्यस्पर्धांचं पेव फुटलं. नट, खेळाडू, बातम्या देणाऱ्या बाया असे कधी न नाचलेले लोक त्यात नाचतात, तुम्हीही बघत असाल. त्यांना खरं शिकवायचे मास्तर. पडद्यावर मात्र ‘गुरू’ म्हणून चकचकीत जाकीट घातलेला दुसराच कुणीतरी उभा असायचा. मास्तरांचा त्याच्यावर राग नव्हता. माझा होता, अजून आहे.

आमच्या माडीवरचा हॉल मी त्यांना सरावासाठी दिला होता. पहाटे पाचला ते यायचे, आधी अनवाणी सगळी तांबडी फरशी फिरून कुठे ओल आहे का बघायचे. मग शिष्य आला की स्वतः जमिनीवर बसायचे, मान इतकी खाली घालायचे की कान फरशीला लागतो की काय, आणि म्हणायचे, “चाला.”

शिष्य चालायचा. मास्तर फक्त टाचा बघायचे. समोरचा कितीही प्रसिद्ध असो, पहिल्या दिवशी ते त्याच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. म्हणायचे, “चेहरा टीव्हीवाल्यांचा, अक्का. पाय माझे.”

एकदा एक क्रिकेट खेळणारा आला. पहिला आठवडाभर मास्तरांनी त्याला आमचा जिना चढायला आणि उतरायला लावला, कठड्याला हात न लावता. तो खाली येऊन मला विचारायचा, “आंटी, ये डान्स कब सिखाएँगे?” मी म्हणायचे, “बाबा, तू आधी जिना शीक.” एक बातम्यावाली बाई आली होती. तिचं वरचं सगळं हलायचं, कमरेखाली मात्र विजेचा खांब. मास्तर गंभीरपणे म्हणाले, “वरचं स्टेशन चालू आहे, खालचं बंद आहे. स्वल्प थांबा, लागेल.” सहाव्या आठवड्यात लागलं. खाली स्वयंपाकघरात माझ्या बरण्या हलल्या तेव्हाच मला कळलं.

त्यांचा हिशोब ठरलेला होता. दहा आठवडे, रोज चार तास. “सहा आठवडे शरीराला पटवायला,” ते म्हणायचे, “आणि चार नाचाला. शरीराला पटायच्या आधी नाच घातला, तर शरीर सूड घेतं.” कुणी घासाघीस केली की हात जोडून “सरी, बरं, दुसरे मास्तर बघा,” म्हणायचे. क्रिकेटवाल्याला दहा लागले. बातम्यावालीला अकरा लागले.

हे सगळं मला ठाऊक होतं. आणि तरी मी आठ दिवस म्हणाले.

झालं ते असं. कार्यक्रमाचे एक निर्मितीवाले गृहस्थ मास्तरांना भेटायला आले. मास्तर अजून पोचायचे होते. गृहस्थ निघाले पुण्याचे. “आजी, मराठी बोलता? वॉव!” म्हणाले. निपाणीहून लग्न होऊन आल्यापासून ह्या गावात पाहुण्याशी मराठी बोलायला मिळालं की माझं काय होतं ते विचारू नका. मी पोहे टाकले. वर ओलं खोबरं पेरलं. ते सोफ्यावर बसले, मी बशी घेऊन समोर उभी राहिले, आणि त्यांनी विचारलं, “आजी, ट्रेनिंगला टिपिकली किती टाइम लागतो ह्यांना?”

आता तुम्हीच सांगा, सोफ्यावर पाहुणे, समोर पोहे, आणि घरातल्या माणसाची चौकशी. आमच्या पिढीच्या बाईला अशा वेळी एकच गोष्ट येते. पाच पुतण्यांची लग्नं मी अशीच जमवली आहेत. “शिवण येतं का?” “आठ दिवसांत शिकली!” “पेटी?” “अहो, आठ दिवसांत!” खरं कुणीच सांगत नाही आणि ऐकणाराही चार महिने जोडून घेतो. तो रिवाजच आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला. मास्तर जणू माझी सहावी पुतणी होते, आणि मला ते खपवायचे होते.

पुण्याच्या गृहस्थांनी काही जोडलं नाही. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि लिहून घेतलं.

ह्या वेळी शिष्या होती एका मालिकेतली सासू. वय अठ्ठेचाळीस, दिवसभर मालिकेचं चित्रीकरण, दोन्ही गुडघ्यांत आधीच कुरकुर. मास्तरांना मिळाले चौदा दिवस, रोज पहाटेचे दोन तास. ते बोलायला गेले तर उत्तर मिळालं, “तुमच्या घरूनच आठ सांगितले आहेत. आम्ही सहा जास्त दिलेत.”

मास्तर परत आले. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून मला म्हणाले, “अक्का, आठ?”

मी म्हटलं, “अहो, तुमचं कौतुक केलं मी!”

“होगली बिडी,” म्हणाले ते, म्हणजे जाऊ द्या. हात जोडून दुसरे मास्तर बघा का म्हणाले नाहीत, हे मी नंतर विचारलं. “मी सोडलं तर तिला ते जाकीटवाले घेतील. ते तिच्या टाचा बघणार नाहीत.”

चौदा दिवस मी खालून ऐकत होते. सासूबाई सज्जन होत्या. रोज पाचला हजर, वर जाण्यापूर्वी माझ्या पाया पडायच्या, आणि जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरायच्या. मालिकेत सुनांना छळणारी ही बाई आमच्या जिन्यावर तोंडात पदर धरून कळ गिळायची. मास्तरांनी तिला उड्या दिल्या नाहीत. हातांचं आणि डोळ्यांचं काम दिलं, पायांना जपलं. बाराव्या दिवशी कार्यक्रमवाल्यांचा निरोप आला की शेवटी गुडघ्यांवर घसरत परीक्षकांपर्यंत यायचं, लोकांना ते आवडतं. मास्तर नाही म्हणाले. मग तेरावा दिवस जाकीटवाल्याने घेतला.

चित्रीकरणाला मास्तरांनी मला नेलं. मी निळी पैठणी नेसले. जणू माझाच सत्कार होता! दिव्यांच्या झगझगाटात सासूबाई सुंदर नाचल्या, खरंच सांगते. मग शेवट आला. त्या गुडघ्यांवर टेकल्या, घसरल्या, आणि एक बारीकसा आवाज आला, वाळकी फांदी पायाखाली यावी तसा. त्या उठल्या नाहीत.

आणि पुढे काय झालं माहीत आहे? कॅमेरे थांबले नाहीत. एक तर जवळ नेला, त्यांच्या तोंडापाशी. परीक्षिका रडल्या, डोळ्यांतलं काजळ सांभाळत. रविवारी ते पडणं टीव्हीवर तीनदा दाखवलं, सावकाश करून, मागे बासरी घालून. जिद्द म्हणे! नऊ वर्षं झाली, मला अजून त्या बासरीचा संताप येतो. गुडघा फाटला की त्याला जिद्द म्हणायचं आणि मधे साबणाची जाहिरात लावायची. आणि दर वर्षी हेच, ‘फक्त दोन आठवड्यांत नाचायला शिकले!’ असं छातीठोकपणे ओरडायचं. लाज नाही. गवंड्याला विचारा, सुताराला विचारा, आमच्या गल्लीतल्या इडलीवालीला विचारा, पीठ आंबायला किती वेळ लागतो ते. घाई केलेली इडली कुत्रं खात नाही. आणि माणसाचं हाड मात्र ह्यांना चौदा दिवसांत आंबवून हवं.

पण खरा राग पुढच्या दोन मिनिटांचा आहे, आणि तो टीव्हीवाल्यांवर नाही.

सासूबाईंना स्ट्रेचरवर घातलं होतं. त्यांचे यजमान धावत आले. ते ओरडले, “कोण म्हणालं होतं इतक्या दिवसांत होईल? कोण?” पुण्याच्या गृहस्थांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात माझं तोंड कधी बंद राहिलं नव्हतं. तेव्हा राहिलं. मी पैठणीचा काठ बघत उभी होते. काठावर मोर होते.

मास्तर पुढे झाले आणि म्हणाले, “मी. मीच म्हणालो.”

यजमानांनी त्यांची गचांडी धरली. मी मोर बघत राहिले.

त्यानंतर मास्तरांना कुठल्याच वाहिनीने बोलावलं नाही. एका सकाळी ते हॉलची किल्ली द्यायला आले. फरशी पुसून ठेवली आहे म्हणाले. मी चहाला थांबवलं, थांबले नाहीत. बरण्या हलायच्या बंद झाल्या.

दोन वर्षांनी कळलं की ते आनेकलला आहेत. मी बस पकडून गेले. कारखान्यात कपडे शिवणाऱ्या बाया राज्योत्सवाला, म्हणजे राज्याच्या स्थापनादिनाला, नाचणार होत्या, आणि रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात मास्तर त्यांच्या टाचा बघत बसले होते. नोव्हेंबरच्या नाचासाठी बायांनी ऑगस्टपासून सुरुवात केली होती. कुणी त्यांना घाई करत नव्हतं.

मास्तरांचे केस पांढरे झाले होते. मला बघून ते उठले, खुर्ची आणली, बायांना पाणी आणायला सांगितलं. मी बसमध्ये तीनदा घोकलेलं सगळं बोलून टाकलं. माझी जीभ घसरली, पुतण्यांची सवय, मराठी ऐकून हुरळले, वगैरे वगैरे. म्हटलं, मास्तर, त्या आठ दिवसांबद्दल मला माफ करा.

मास्तर कधी कुणावर चिडलेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी पाहिलं. आवाज चढला नाही, पण पहिल्यांदाच त्यांनी माझ्या पायांकडे न बघता सरळ तोंडाकडे पाहिलं.

“आठ दिवसांचा राग कधीच नव्हता, अक्का. तोंड आहे, घसरतं. पण तो माणूस ‘कोण म्हणालं’ म्हणून ओरडत होता, तेव्हा ‘मी म्हणाले’ एवढंच म्हणायचं होतं तुम्हाला. दोन शब्द. त्याला किती आठवड्यांचा सराव लागतो?”