हां गो, बोल

मी तोतरी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर समोरचा माझं वाक्य पुरं करायला टपलेलाच असतो. दुकानदार, कंडक्टर, काका, सगळे. माझी जीभ म्हणजे कशेडी घाटात चढावर बंद पडलेला ट्रक; मागचे सगळे हॉर्न वाजवतात. एकटे बाबा वाजवत नसत. मी अडकले की हातातलं काम बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहत आणि शब्द माझ्याच तोंडून येऊ देत.

आणि मला, बघा, महाडच्या कॉलेजात एम.ए.ला प्रकल्प कसला मिळाला? अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या एका जगप्रसिद्ध वक्त्याच्या भाषणशैलीचा अभ्यास! मॅडम माझी थट्टा करताहेत असंच वाटलं. रोज एसटीत पोलादपूर येईपर्यंत कानात त्याचं भाषण. मी चिडूनच ऐकायची. किती संथ सुरुवात! तेच चार शब्द पुन्हा पुन्हा उचलतो, दर वेळी आवाज थोडा वर नेतो. मी शब्द पुन्हा म्हटला की लोक हसतात, याने म्हटला की टाळ्या. मग एकदा त्याच्या थांबण्याकडे लक्ष गेलं. तो थांबला की खालून कुणीतरी हुंकार द्यायचं आणि त्या हुंकारावर पाय ठेवून तो पुढचं वाक्य चढायचा. अर्धं भाषण ऐकणाऱ्यांचं आहे, असं मी प्रकल्पात लिहिलं. मॅडमनी 'छान' असा शेरा दिला. मला ते मार्कांपुरतंच वाटत होतं.

त्याच वर्षी बाबा गेले. पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांना आदरांजली वाहायला, बुद्ध विहारात सगळी वाडी जमली. वंदना झाली, मग बोलणारे एकेक उठू लागले. काका माझ्या कानाशी आले. "तू बस गो. तुझ्या वतीनं मी बोलतो." हेतू चांगलाच होता, पण माझं डोकं फिरलं. बाबांचे आभार मानायचे, तेही दुसऱ्याने? मी उठले.

"माझे ब... ब..." झालं, ट्रक बंद. काकांचे ओठ हललेले मला दिसले. तेवढ्यात पुढे बसलेली शेजारची आत्या म्हणाली, "हां गो, बोल. आमाला कुठं जायाचं नाय."

"बाबा," मी म्हटलं.

"हां," बायका म्हणाल्या.

पुढे जिथे अडले तिथे तो "हां" आला. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. मी त्यावर पाय ठेवत चढत गेले. त्या बायकांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

शेवटचं वाक्य उरलं होतं: सगळ्यांनी माझे शब्द पुरे केले, बाबा तेवढे थांबले. 'थांबले'वर जीभ पार रुतली. आता "हां"सुद्धा आला नाही. कुणी खोकलं नाही, कुणी शब्द पुढे केला नाही. काकांनी तर डोळे मिटून ओठ घट्ट धरले होते. तो शब्द बाहेर येईपर्यंत अख्खी वाडी थांबली.